मृगया : शोध कोणाचा?

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, वारकऱ्याच्या मासिकात शिकारीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली त्याचा हरणाशी संबंध एवढाच, की वाटेत दिसले तर दोन क्षण थांबून पाहावे आणि पुढे चालू लागावे. हे खरे. पण ज्या भागवत धर्माचे आपण नाव सांगतो, त्या भागवत ग्रंथाच्या दोन्ही टोकांना शिकारच उभी आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? पहिल्या स्कंधात परीक्षिती राजा धनुष्य घेऊन हरणांच्या मागे रानात गेला. थकला, तहानला, शमीक ऋषींच्या आश्रमात पाणी मागू लागला. ऋषी ध्यानात, उत्तर मिळेना. रागाच्या भरात मेलेला साप त्यांच्या गळ्यात टाकून राजा निघून आला. त्यातून शाप, शापातून सात दिवसांची मुदत, आणि त्या सात दिवसांत शुकमुखातून भागवत. आणि अकराव्या स्कंधाच्या शेवटी जरा नावाच्या व्याधाचा बाण प्रत्यक्ष भगवंताच्या पायी लागतो. शिकारीने कथेला निमित्त झाले आणि शिकारीनेच अवताराची समाप्ती झाली. मग हा विषय आपला नाही असे कसे म्हणावे?

आधी शब्द पाहू. संस्कृतात 'मृग्' या धातूचा अर्थ शोधणे, धुंडणे. मृगया हा शब्द त्याच कुळातला. त्याच घरातला 'मार्गण' हा शब्द तर मोठा गमतीचा आहे. मार्गण म्हणजे बाण, आणि मार्गण म्हणजे याचकही! आपल्या मराठीतही 'माग काढणे' म्हणतात. चिखलातल्या खुरावरून सांबर कुठे गेले ते हुडकणे म्हणजे माग काढणे. तेव्हा मृगयेच्या पोटात मूळ अर्थ आहे तो शोधण्याचा. मारणे मागाहून आले. शोधणे हा तर जीवाचा स्वभावच आहे. तो काय शोधतो, आणि सापडल्यावर त्याचे काय करतो, एवढाच प्रश्न. आजचे सगळे निरूपण या एका सुतात ओवायचे आहे.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा ही आपली रीत. शिकारीची बाजू घेणारे काही अडाणी नव्हते. कौटिल्यासारखा काटेकोर माणूस अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात प्रश्न घेतो, जुगार वाईट की शिकार? पिशुन नावाचा आचार्य म्हणतो, शिकार अधिक वाईट. तिच्यात चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, दिशाभूल, तहानभूक अशी सारी संकटे आहेत. कौटिल्य म्हणतो, नाही. शिकारीत निदान व्यायाम तरी होतो, कफ-पित्त-मेद झडतात, स्थिर आणि हलत्या निशाणावर हात बसतो, भ्यालेल्या नि चवताळलेल्या जनावराचे मन कळते. शाकुंतलात दुष्यंताचा सेनापतीही असेच गोडवे गातो. लोक उगाच शिकारीला व्यसन म्हणतात, अशी त्याची तक्रार. विदूषक बिचारा मात्र हाडे खिळखिळी झाली म्हणून कण्हत असतो.

यातले काही खोटे नाही. जन्मभर रानात हिंडलेल्या माणसाला जे कळते ते आम्हा पोथीवाल्यांना कळत नाही. वारा कोणीकडचा आहे, वानर कशासाठी खेकसले, भेकर का भुंकले, रात्री पाण्यावर कोण येऊन गेले, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. त्यासाठी जन्म घालवावा लागतो.

पण जन्म घालवावा लागतो, इथेच तर मेख आहे! मनूने राजाला उपदेश करताना कामातून उपजणारी दहा व्यसने मोजली आणि पहिले नाव घेतले ते मृगयेचे. त्या दहांतली जी चार सर्वांत घातक, मद्य, द्यूत, स्त्री आणि मृगया, त्यांतही तिचे नाव पुन्हा आले. आणि व्यसन म्हणजे काय? 'वि' आणि 'अस्'. अस् म्हणजे फेकणे. जे माणसाला त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन. शिकाऱ्याला वाटते, बाण मी फेकतो. शास्त्र म्हणते, बाबा रे, फेकला जातोस तू.

कसा फेकला जातो, ते दशरथाकडे पाहा. रघुवंशाच्या नवव्या सर्गात कालिदासाने त्याची शिकार रंगवली आहे. राजाने हरणावर नेम धरला, दोरी कानापर्यंत ओढली. एवढ्यात त्याची हरिणी मध्ये येऊन उभी राहिली, आपले अंग आड करून. राजाचे मन कळवळले, त्याने बाण उतरवला. किती गोड प्रसंग! कीर्तनात सांगितला तर माना डोलतात. पण सज्जनहो, सर्ग तिथे संपत नाही. त्याच सर्गाच्या अखेरीस तोच राजा नदीकाठी घागर भरल्याचा आवाज ऐकतो, हत्ती समजतो, आणि डोळ्यांनी न पाहताच शब्दवेधी बाण सोडतो. आपण ज्याला श्रावणबाळ म्हणतो तो आंधळ्या आईबापांचा आधार कोसळतो. राजाला दया ठाऊक नव्हती का? होती. हात आवरता येत नव्हता का? येत होता. पण व्यसनी माणसाच्या घरी दया ही पाहुणी असते. घटकाभर बसते, उठून जाते. मुक्कामाला राहते ती सवय.

कोणी म्हणेल, "महाराज, प्रभू रामचंद्र नाही का हरणामागे गेले?" गेले. लक्ष्मणाने बजावले होते की हे हरीण नव्हे, हा मारीच आहे. तरी गेले. आणि परतले तेव्हा पर्णकुटी रिकामी होती. भगवंताने देह धरला तो आपल्याला शिकवायला. हरणामागे धावणाऱ्याचे घर पाठीमागे उघडे पडते, एवढा धडा आपण त्या लीलेतून घ्यावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर गरिबावर अन्याय होईल. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकत बसतो, आणि कौशिक नावाचा वेदपाठी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो. व्याध सांगतो, हा वाडवडिलांचा धंदा आहे. मी स्वतः जीव मारीत नाही. आईबापांची सेवा हेच माझे दैवत. ब्राह्मण हात जोडून ऐकतो. तेव्हा जातीवरून वा धंद्यावरून कोणाला हीन लेखू नये. आज बोलतो आहे ते नादाविषयी, भुकेविषयी नाही. पोट भरले की भूक थांबते. नादाला पोटच नाही, तो भरणार कुठून?

हा बिनपोटाचा नाद किती खातो, त्याचा दाखला पुराणातूनच पाहिजे असे नाही. कोल्हापूर दरबारात पाळीव चित्ते काळविटांवर सोडून शिकार होत असे. इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणू लागले, पण नाद सुटला नाही. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. या देशातले शेवटचे म्हणून त्यांचीच नोंद सांगतात. १९५२ साली चित्ता नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या रानात सोडावे लागले. संपवायला एक रात्र, परत आणायला पंचाहत्तर वर्षे. असा हा हिशेब.

याहून विलक्षण गोष्ट कुमाऊँच्या डोंगरातली. चंपावतची वाघीण १९०७ साली जिम कॉर्बेटने मारली, तोपर्यंत तिने ४३६ माणसे खाल्ल्याची नोंद होती. मेल्यावर तिचा जबडा पाहिला, तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले! काही वर्षांपूर्वी कोणाची तरी बंदुकीची गोळी लागून ते मोडले होते. रानातली शिकार तिला धरता येईना, म्हणून ती माणसांवर वळली. कोणा शिकाऱ्याची ती एक अर्धवट लागलेली गोळी. तो घरी जाऊन जेवला असेल, झोपला असेल, विसरलाही असेल. तिचे व्याज मात्र ४३६ घरांनी फेडले. कर्म असे हिंडत असते बरे!

आणि त्याच कॉर्बेटचे पुढचे चरित्र पाहा. लहानपणापासून बंदूक हातात, शिकारीचा नाद हाडीमाशी खिळलेला. केदार-बदरीच्या यात्रेची वाट १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे रुद्रप्रयागच्या बिबट्याने धरली होती, सव्वाशे माणसे नेली होती. रात्र रात्र जागून कॉर्बेटने त्याला मारले आणि वाट मोकळी केली. पायी वारी करणाऱ्यांना त्या कामाचे मोल सांगायला नको. पण हळूहळू त्या माणसाने नादाखातर मारणे सोडले, हातात छायाचित्राचे यंत्र घेतले, आणि वाघ-हरणांची राने राखा म्हणून सांगत फिरला. १९३६ साली तिकडे राखीव रान झाले, त्याला पुढे त्याचेच नाव दिले गेले. डोळा तोच, पावलांची चाल तीच, रात्रभर दबा धरून बसणे तेच. हातातली वस्तू बदलली.

आता शेतकरी बंधू विचारतील, "बुवा, रानडुकराने एका रात्रीत भुईमूग उकरला, रोह्यांनी तूर तुडवली, तिथे आम्ही काय टाळ वाजवीत बसावे?" मुळीच नाही. राखण करणे हा शेतकऱ्याचा धर्म आहे. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. काळवीट, चिंकारा यांना तर त्यात सर्वांत कडक संरक्षण आहे. पण जीवाला वा पिकाला घातक ठरलेल्या जनावरासाठी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची वाटही त्याच कायद्यात ठेवली आहे. भरपाईसाठी अर्ज करावा, चार जणांनी मिळून करावा, पाठपुरावा सोडू नये. कुंपणात चोरून वीज सोडू नये. त्यात डुकरापरीस शेजारचा पोरगा आधी सापडतो. आणि एक कसोटी स्वतःला लावून पाहावी. हाळी दिल्यावर डुक्कर पळून गेले, तर मनाला बरे वाटते, की हुकल्याची चुटपुट लागते? बरे वाटले तर ती राखण. चुटपुट लागली तर समजावे, राखणीच्या घोंगडीखाली नाद झोपला आहे.

ही कसोटी मला एका म्हाताऱ्याच्या तोंडून अधिक कळली. गेल्या वर्षी घाटमाथ्यावरच्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. काल्याच्या आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर पंचाहत्तरीच्या घरातले एक आबा जवळ येऊन बसले.

"बुवा, माळ घालायची हाय."

"घाला की आबा. उद्या काल्यालाच घालू."

"तसं न्हाई. आधी ऐकून घ्या. पोरवयात गोफणीनं ससा पाडला, तवापासनं नाद. भेकर, डुक्कर, सांबर, काय ठेवलं न्हाई. कायदा झाल्यावरबी चोरून केलं. आता डोळ्यांनी दिसत न्हाई. बंदूक कवाच जमा केली. पांडुरंग पदरात घेईल का मला?"

मी विचारले, "आबा, नाद तुम्ही सोडला, की डोळ्यांनी सोडायला लावला?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं सांगू? सपनात अजून सांबर उठतं. आन् हात आपोआप खांद्याकडं जातो."

सज्जनहो, कितीतरी मंडळी माळ घालताना अगदी निर्मळ तोंडाने येतात. असे खरे बोलणारा विरळा. त्या रात्री आबांना जे सांगितले तेच आज इथे लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की माळ म्हणजे कर्जमाफीचा कागद नव्हे. चौथ्या स्कंधात नारद प्राचीनबर्ही राजाला सांगतात, राजा, यज्ञात तू जे हजारो पशू मारलेस ते वर तुझी वाट पाहत आहेत, लोखंडी शिंगे घेऊन. यज्ञातल्या पशूंची ही कथा, तर हौसेखातर मारलेल्यांची काय सांगावी? हिशेब आहेच. तो नाही असे सांगणारा गुरू शिष्याला फसवतो.

दुसरी गोष्ट. हरीण समजून भलत्यालाच बाण मारणारे दोघे जण ग्रंथांत आहेत. एक पंडुराजा. त्याने हरिणीशी रत असलेल्या हरणाला मारले. तो किंदम ऋषी निघाला. मरता मरता ऋषी बोलू लागला, तर पंडू वाद घालतो, हरणे मारणे हा राजांचा धर्मच आहे! ऋषी म्हणतो, मारलेस याचा दोष मी देत नाही. मीलनाच्या वेळी तरी थांबायचे होतेस. त्या शापाने अखेर पंडूचा प्राण घेतला. दुसरा जरा व्याध. प्रभासक्षेत्री पिंपळाखाली भगवान डावा पाय उजव्या मांडीवर ठेवून बसलेले. तांबूस तळवा दुरून हरणाच्या तोंडासारखा दिसला. व्याधाने बाण सोडला. जवळ येऊन पाहतो तो चतुर्भुज मूर्ती! व्याध वाद घालीत बसला नाही, आपला धंदा सांगत बसला नाही. पायांवर कोसळला. आणि भगवान म्हणाले, भिऊ नकोस, ऊठ, हे माझ्याच इच्छेने झाले. आणि त्याला सद्गती दिली. पाहा, पंडूचा अपराध हरणाचा, जराचा अपराध देवाचा. मोठा कोणाचा? तरी तरला कोण? जो पाया पडला तो. आबा, तुम्ही सबब सांगितली नाहीत, इथेच अर्धी वाट चाललात.

तिसरी गोष्ट उरलेल्या अर्ध्या वाटेची. आबा म्हणाले, "बुवा, पर मला दुसरं काय येत न्हाई." मी म्हटले, तुम्हाला सगळे येते! शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातला व्याध आठवा. रात्रभर उपाशी, बेलाच्या झाडावर जागा, डोळे पाण्याकडे लागलेले. उपवास, जागरण, एकाग्रता, शिवरात्रीचे सारे व्रत त्याने शिकारीच्या नादातच केले. हरणांनी सत्य पाळलेले पाहिले, आणि तोच जागर पुण्याईला लागला. एकनाथमहाराजांनी १५७३ साली काशीत ज्या एकादश स्कंधावरची टीका पूर्ण केली, त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण घडवणारा आहे. बाण सरळ करण्यात इतका रंगला, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली ती त्याला कळली नाही. बाणापासून सुद्धा ध्यान शिकता येते!

आणि ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसा सांगितली ती कशावरून? चालण्यावरून, बोलण्यावरून, पाहण्यावरून, हातावरून, आणि सर्वांच्या मुळाशी असलेल्या मनावरून. अहिंसक माणूस पाऊल हळू टाकतो. अहो, शिकारीही पाऊल हळूच टाकतो! एकाचे पाऊल हळू, जीव दुखावू नये म्हणून. दुसऱ्याचे हळू, जीव निसटू नये म्हणून. तुकोबारायांविषयी परंपरेत सांगतात, की त्यांना पाहून पाखरे उडाली याचे त्यांना वाईट वाटले, आणि पाखरे निर्भयपणे अंगावर येऊन बसेपर्यंत ते निश्चळ उभे राहिले. निश्चळ उभे राहणे शिकाऱ्याला कोणी शिकवायला नको. कशासाठी उभे राहायचे, एवढेच शिकायचे. ज्याला मचाणावर पाच घटका पापणी न हलवता बसता येते, त्याने नाम घेताना मन लागत नाही असे म्हणूच नये.

दुसऱ्या दिवशी काल्याआधी आबा नातवाला बरोबर घेऊन ओढ्याकडे गेले. नातवानेच लावलेले सशाचे फासे होते, सात. एकेक करून ते काढून आणले आणि मंडपाच्या खांबापाशी ठेवले. मग माळ घेतली. स्वप्नातले सांबर गेले का, हे मी विचारले नाही. जन्माची सवय एका माळेने जाते असे मी मानीत नाही. पण स्वप्नात सांबर उठले की 'विठ्ठल' म्हणायचे, एवढे आबांनी पत्करले आहे.

आता तुम्हा-आम्हाविषयी. आपल्यातल्या बहुतेकांनी बंदूक हातात धरलेली नाही, म्हणून हे निरूपण आपले नव्हे असे समजू नका. नारदांनी त्याच प्राचीनबर्हीला आणखी एक दृष्टांत दिला. फुलबागेत एक हरीण आहे. हरिणीसह कोवळे गवत खाते आहे, भुंग्यांच्या गुणगुणण्यात रंगले आहे. पुढे लांडगे टपले आहेत, मागून पारध्याचा बाण सुटला आहे. हरणाला पत्ता नाही. राजा म्हणाला असेल, बिचारे हरीण! नारद सांगतात, राजा, ते हरीण म्हणजे तूच.

कोणी पैशाच्या मागे, कोणी मानाच्या मागे, कोणी दुसऱ्याच्या बांधाच्या मागे, सगळे शिकारीला निघालेले. प्रत्येकाला वाटते मी पारधी. आणि पारधी मागे उभा आहे. त्याचे नाव भागवतकारांनी सांगून ठेवले आहे, जरा. जरा म्हणजे म्हातारपण. त्याचा नेम चुकत नाही. देवाने देह धरला तर तोही त्याने सोडला नाही, मग आपली काय कथा?

म्हणून पाय चालतात तोवर माग काढावा. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो पावले उठलेली असतात, त्या मागाने गेले की पुढे विटेवर दोन पाय उभे आहेत. जराला ते चुकून सापडले. आपण ते शोधून गाठावे. तीच खरी मृगया.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥